त्यांना ठाऊक होतं : दहा मार्चच्या भाषणांविषयी एक खुलं पत्र

प्रति,
दहा मार्चच्या कार्यक्रमांचे आयोजक, सूत्रसंचालक, वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक आणि मुलांना भाषणं लिहून देणारे माझे शिक्षक बंधू-भगिनी

विषय : हॅरिएट टबमन यांच्या तोंडी घातलं जाणारं एक वाक्य

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. आता मार्च उजाडला की आसपासच्या शाळा मला परीक्षक म्हणून बोलावतात. नारळ, गुलाबपुष्प, चहा-पोहे आणि सत्तावीस भाषणं, असा तो दिवस असतो. तक्रार नाही, मला ते आवडतं. पण गेली काही वर्षं एक वाक्य कानावर पडलं की माझा पेन गुणपत्रिकेवर अडतो. त्यासाठी हे पत्र.

१० मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली त्या गेल्या. त्याच तारखेला, १९१३ साली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी हॅरिएट टबमन न्यूमोनियाने वारल्या. स्वतः गुलामीतून पळालेल्या आणि मग परत परत जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या त्या बाई. हा योगायोग कुणाच्या तरी लक्षात आला आणि दोघींची नावं भाषणांत शेजारी शेजारी येऊ लागली. उत्तम झालं. पण बाई आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. सोबत हे वाक्य घेऊन आल्या : "मी हजार गुलामांना मुक्त केलं. आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं, तर आणखी हजारांना केलं असतं."

टाळी हमखास. मुलगा किंवा मुलगी इथे एक क्षण थांबते, हात वर करते, आणि सभागृह वाजतं.

हे वाक्य हॅरिएटचं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या सांगायच्या भरपूर आणि ऐकणारे लिहून घ्यायचे. १८५०च्या दशकातल्या सभांचे वृत्तांत आहेत, मुलाखती आहेत, १८६९ साली त्यांच्या हयातीतच छापलेलं चरित्र आहे. त्यात कुठेही हे वाक्य नाही. ते अवतरलं विसाव्या शतकाच्या शेवटाशेवटाला. आणि हजाराचा आकडा तर त्या बाईंच्या नोंदलेल्या बोलण्यात कुठेच नाही.

आता माझा कबुलीजबाब. हे वाक्य मी स्वतः शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून रंगीत खडूने लिहिलेलं आहे. एकदा नव्हे, दरवर्षी. असंच एकदा लिहून वळले, तर आठवीतली एक मुलगी दप्तर सावरत फळ्याखाली उभी. म्हणाली, "बाई, त्यांना ठाऊकच नव्हतं? आपण गुलाम आहोत ते?" मी काहीतरी बोलले. तसं नाही गं, मनाची गुलामी वगैरे. ती "हो बाई" म्हणून गेली, पण तिला पटलं नव्हतं. मुलींचं ते "हो बाई" आपल्याला बरोबर कळतं. मलाही पटलं नव्हतं. त्या प्रश्नामुळे मी वाचायला लागले, आणि वाचल्यावर लाज वाटली.

मेरीलँड राज्यात डॉर्चेस्टर काउंटी म्हणून खाडी-दलदलीचा प्रदेश आहे. तिथे १८२२च्या सुमारास ही मुलगी जन्मली. नाव अरामिंटा रॉस, हाक मारायचं नाव मिंटी. आई रिट, बाप बेन, दोघंही गुलाम, पण वेगवेगळ्या मालकांचे. कायदा असा की मूल आईच्या जातीचं; आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. ('जात' हा शब्द माझा. दुसरा सुचत नाही.) सहा-सात वर्षांची असताना मिंटीला दुसऱ्या घरी कामाला दिली. मस्करॅट हा पाणउंदरासारखा प्राणी, त्याला कातड्यासाठी मारायचे. त्याचे सापळे तपासायला ही पोर कमरेएवढ्या गार पाण्यात उतरायची, अंगात गोवर असतानाही. पुढे तेरा-चौदाची असताना बकटाउनच्या दुकानात एका मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर तागडीतलं दोन पौंडांचं वजन फेकलं, ते हिच्या कपाळावर बसलं. तेव्हापासून बोलता बोलता डोळा लागायचा, जन्मभर.

तिच्या तीन बहिणी विकल्या गेल्या. लीना, मरायाह रिटी आणि सॉफ. त्यातल्या कुणाचा पुन्हा पत्ता लागला नाही. मग एकदा जॉर्जियाचा व्यापारी धाकट्या भावासाठी आला. आई रिटने त्या पोराला महिनाभर रानात आणि शेजारपाजाऱ्यांकडे लपवून ठेवलं आणि दारात उभं राहून मालकाला सांगितलं, आत येईल त्या पहिल्या माणसाचं डोकं फोडीन. सौदा फिसकटला.

रिटला ठाऊक नव्हतं ती कोण आहे ते?

याच रिटविषयी आणखी एक गोष्ट. तिच्या पहिल्या मालकाच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की ती पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंतच चाकरी करील. वारसांनी ती ओळ खुशाल गिळली. हॅरिएटने स्वतःच्या कमाईतले ५ डॉलर वकिलाला दिले आणि जुनी मृत्युपत्रं शोधायला लावली. वकिलाला ते सापडलं. अक्षर वाचता न येणारी, स्वतःच कुणाची तरी मालमत्ता असलेली बाई आपल्या आईचा कागद काढायला वकील लावते! आपल्याकडे सातबाऱ्यावरून नाव गायब झालेल्या बायका तलाठ्याकडे हेलपाटे घालतात, त्यांना हे सांगून पाहा. समजावून सांगावं लागणार नाही.

पळण्याचं म्हणाल तर १८४९च्या मार्चमध्ये मालक मेला, डोक्यावर कर्ज ठेवून. मालकिणीकडे विकण्याजोगं जे होतं त्यात ही माणसं होती. १७ सप्टेंबरला हॅरिएट दोन भावांसह निघाली. त्यानंतर वर्तमानपत्रात आलेली जाहिरात आज उपलब्ध आहे. बकटाउनजवळ राहणाऱ्या एलायझा अॅन ब्रोडेस या मालकिणीने ३ ऑक्टोबरला दिलेली. मजकूर साधारण असा : हॅरी, वय सुमारे १९, मानेच्या एका बाजूला कानाखाली आवाळू. बेन, वय सुमारे २५, विचारलं की चटकन उत्तर देतो, उंची सहा फुटांच्या आसपास. मिंटी, वय सुमारे २७, रंग तांबूस-तपकिरी, दिसायला चांगली, उंची सुमारे ५ फूट. राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी १०० डॉलर, राज्यात पकडल्यास ५०.

मी ही जाहिरात पहिल्यांदा वाचली तेव्हा आवाळूपाशी थांबले. किती बारकाईने पाहिलंय! गुरांच्या बाजारात शिंगं आणि खूर बघतात तसं. पण "चटकन उत्तर देतो" हे वाचून बेन मला एकदम वर्गातल्या एखाद्या पोरासारखा दिसला.

भावांनी वाटेत कच खाल्ली, परत फिरले आणि तिलाही परत आणलं. मग ती एकटी निघाली. साधारण नव्वद मैल, रात्री चालत, वाटेत क्वेकर पंथाच्या एका गोऱ्या बाईची मदत. गुलामी नसलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची हद्द ओलांडल्यावर, तिनेच पुढे सांगितलंय, तिने आपले हात बघितले, मी तीच आहे का हे पाहायला. भाऊ का परतले? आपण गुलाम आहोत हे कळत नव्हतं म्हणून? त्यांना मागे राहिलेली माणसं आठवली, पकडले गेलो तर काय होईल ते ठाऊक होतं. भीती आणि अज्ञान यांत फरक आहे, आणि तो फरक त्या टाळीबाज वाक्यात पुसला जातो.

गुलामांना गुपचूप पळवून नेणाऱ्या ज्या यंत्रणेला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणतात, तिला रूळ नव्हते, इंजिन नव्हतं, बोगदा तर नव्हताच. होती ती माणसं. विल्मिंग्टनमध्ये थॉमस गॅरेट, फिलाडेल्फियात विल्यम स्टिल, आणि मधल्या गावांत नावं न उरलेले किती तरी काळे शेतमजूर, नावाडी, धोबिणी. १८५६च्या नोव्हेंबरात विल्मिंग्टनच्या पुलावर पहारा होता, तेव्हा गॅरेटने गवंड्यांच्या गाड्या पाठवल्या. गवंडी सकाळी गात-ओरडत कामाला निघाल्यासारखे पूल ओलांडून गेले. संध्याकाळी तसेच गात परतले, तेव्हा गाडीच्या तळाशी पळालेली माणसं पडलेली होती. त्यांच्यात एक धिप्पाड गडी होता, नाव जो बेली; त्याच्यावर १५०० डॉलरचं बक्षीस लागलं होतं. हॅरिएटवर ४०,००० डॉलरचं बक्षीस होतं असं जे आपण सांगतो, त्याला आधार नाही. १८६७ साली तिला मदत मिळावी म्हणून लिहिणाऱ्या एका बाईंनी तो आकडा वापरला आणि तो चिकटला. खरी छापलेली जाहिरात वर दिलीच आहे. १०० डॉलर.

हॅरिएट निघायची बहुधा हिवाळ्यात, रात्री मोठ्या असतात म्हणून. शनिवारी रात्री माणसं हलवायची, कारण रविवार सुट्टीचा आणि जाहिरात छापायला सोमवार उजाडायचा. तान्ह्या मुलांना अफूचं औषध पाजून झोपवायची. कंबरेला पिस्तूल. १८५०च्या कायद्याने पळालेल्याला उत्तरेच्या राज्यांतही पकडणं फार सोपं झालं, तेव्हा थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सपर्यंत पोचवू लागली.

आणि केझाया. ही तिची भाची. डिसेंबर १८५०मध्ये केंब्रिज गावच्या कोर्टाच्या दारात तिचा आणि तिच्या दोन मुलांचा लिलाव होता. तिचा नवरा जॉन बाउली स्वतंत्र माणूस, जहाजाचा सुतार. तो गर्दीत उभा राहून बोली चढवत गेला आणि लिलाव जिंकला. खिशात पैसे नव्हते. लिलाववाला जेवायला गेला, परत येऊन पैसे मागतो तर ना नवरा, ना बायको, ना मुलं. जवळच्याच एका घरात ती दडली होती. रात्री जॉनने तिघांना होडीत घातलं आणि बाल्टिमोर गाठलं. पुढे हॅरिएट होती. मालकाच्याच लिलावात, मालकाच्याच नियमांनी बोली लावून त्याच्या हातावर तुरी! मला विचाराल तर एवढ्या एका प्रसंगावर पाच मिनिटांचं भाषण उभं राहतं. वर सुविचाराची गरज नाही.

आकड्यांविषयी आता स्पष्टच सांगते. भाषणांत "१९ फेऱ्या, ३०० माणसं" असतं. तो आकडा १८६९च्या त्या चरित्रातला. ते पुस्तक घाईने लिहिलं गेलं ते हॅरिएटला घराचं कर्ज फेडता यावं म्हणून, लेखिकेचा हेतू चांगला होता, आकडा फुगला. अभ्यासकांनी एकेक नाव जुळवून मांडलेला हिशेब असा : सुमारे १३ फेऱ्या, सुमारे ७० माणसं, शिवाय साधारण तितक्याच जणांना वाट समजावून दिली आणि ते आपले आपण सुटले. ३०० म्हणताना आपल्याला एकही चेहरा दिसत नाही. ७०मध्ये आवाळूवाला हॅरी आहे आणि चटकन बोलणारा बेन आहे. त्या दोघांनाही तिने पुढे आणलंच.

ते कधी, तर १८५४च्या नाताळात. थोरला भाऊ रॉबर्ट, बेन आणि हेन्री, म्हणजे जाहिरातीतला हॅरी, यांचा लिलाव नाताळच्या दुसऱ्या दिवशी ठरला होता. हॅरिएटने दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेऊन ते जेकब जॅक्सन नावाच्या एका साक्षर, स्वतंत्र काळ्या माणसाला पाठवलं. पोस्टातली गोरी माणसं ते आधी फोडून वाचणार हे गृहीत धरून. मजकुरात होतं, भावांना सांगा, प्रार्थनेत जागे राहा, सियोनचं जहाज (ख्रिस्ती भजनांतलं तारणाचं जहाज) आलं की चढायला तयार असा. जेकबने वाचून तोंड वाकडं केलं, याचा अर्थ मला काही लागत नाही म्हणाला, आणि लगेच निरोप पोचवला.

रॉबर्टच्या बायकोला त्याच रात्री कळा सुरू झाल्या. त्यामुळे तो मागे पडला, पुढे धावत येऊन मिळाला. सगळे आईबापांच्या झोपडीजवळ कडब्याच्या खोपीत लपले. बापाला (त्याचंही नाव बेन) हळूच कळवलं. आईला नाही; रिट रडून आकांत करील आणि घात होईल. तिने नाताळसाठी डुक्कर कापलं होतं, स्वयंपाक करून मुलांची वाट बघत होती. दर थोड्या वेळाने दारात यायची, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघायची. मुलं फळ्यांच्या फटीतून तिला बघत होती. पाच वर्षं हॅरिएटने आईला पाहिलं नव्हतं. हाकेच्या अंतरावर बसून तिने तिला पाहिलं, आणि हाक मारली नाही. बाप खोपीत जेवण आणून द्यायचा, पण मुलांकडे बघायचा नाही. निघताना त्याने डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मुलांचे हात धरून थोडं अंतर चालत गेला. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर "मी माझ्या एकाही मुलाला पाहिलं नाही" असं त्याला सांगायचं होतं. तो खोटं बोलत नसे, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती, आणि त्याला ती मोडायची नव्हती.

डोळ्यांवर रुमाल बांधणाऱ्या या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं म्हणा आता.

हॅरिएटला न जमलेलंही सांगा. बहीण रेचल. तिला आणायला ती वारंवार गेली. पण रेचलची दोन मुलं, बेन आणि अँजरीन, दुसरीकडे ठेवलेली होती आणि त्यांना सोडून रेचल हलायला तयार नव्हती. १८६०च्या अखेरच्या फेरीत हॅरिएट पोचली तेव्हा रेचल मेलेली होती. मुलांना काढायला ३० डॉलरची लाच लागणार होती. ३० डॉलर नव्हते. तिने त्या फेरीत एनल्स नावाचं कुटुंब आणलं, आणि भाचा-भाची मागे राहिली. कमी पडले ते ३० डॉलर.

तुम्हाला मोठा आकडा हवाच असेल तर तोही आहे आणि खरा आहे. यादवी युद्धात ती दक्षिण कॅरोलिनात ब्युफोर्टला गेली. परिचारिका, स्वयंपाकीण आणि हेर. १८६३च्या जूनमधल्या पहिल्या दोन दिवसांत कर्नल माँटगोमेरीच्या काळ्या सैनिकांसोबत ती कॉम्बाही नदीतून वर गेली. सुरुंग कुठे पेरलेत याची बातमी तिच्या माणसांनी काढली होती. बोटींचा भोंगा वाजला आणि भातखाचरांतून माणसं धावत सुटली. एका रात्रीत ७००हून अधिक माणसं मोकळी झाली. ती सांगते, एका बाईच्या डोक्यावर चुलीवरून नुकताच उतरवलेला भात, अजून वाफ निघतेय. पाठीवर पोर, त्याने एका हाताने आईचं कपाळ धरलंय आणि दुसरा हात भाताच्या भांड्यात घालून बकाबका खातंय. पाठीवरच्या पिशव्यांत डुकरं, टोपल्यांत कोंबड्या. भोंगा ऐकून ज्या बाईने चुलीवरचा भात डोक्यावर घेतला, तिला जागं करायला कुणी जावं लागलं नव्हतं.

सरकारने या कामाचं काय केलं, ते थोडक्यात. तीस-एक वर्षं काही नाही. मग दुसऱ्या नवऱ्याच्या नावाने विधवेचं ८ डॉलर निवृत्तिवेतन, आणि १८९९ साली परिचारिका म्हणून १२ वाढवून महिना २०. हेरगिरीचे पैसे नाहीतच. २०१६ साली अमेरिकेच्या अर्थखात्याने तिचा चेहरा २० डॉलरच्या नोटेवर आणायचं जाहीर केलं. ती नोट अजून निघायची आहे.

आता हे वाक्य आपल्याकडेच एवढं का रुजलं? मला वाटतं, कारण त्याच्यासारखंच एक वाक्य आपल्या भिंतींवर आधीपासून आहे. बाबासाहेबांच्या नावाने आपण सगळेच म्हणतो : गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, म्हणजे तो बंड करून उठेल. दोन्ही एकच वाटतात. पण नीट ऐका. बाबासाहेबांचं वाक्य काम सांगतं, आणि ते सांगतं तुम्हा-आम्हाला. उठणारा माणूस त्यात आहे. दुसरं वाक्य मागे राहिलेल्यांना दोष देतं आणि आपल्याला टाळी वाजवायला मोकळं करतं. रेचलला तुझीच जाणीव कमी पडली म्हणून सांगतं.

जोडायचंच तर जोडायला भक्कम धागा आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष परोपकाराबद्दल. त्या पानावर कुणा एकाचं नाव नाही. त्या वर्षी हॅरिएट ऑबर्नला भाजीपाला पिकवून, डुकरं पाळून, घरात येईल त्या म्हाताऱ्या-कोताऱ्याला पोसत होती. आणि सावित्रीबाईंचं २९ ऑगस्ट १८६८चं नायगावहून लिहिलेलं पत्र वाचा. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा नावाची महार मुलगी, ती सहा महिन्यांची गरोदर. गाव दोघांना मारायला निघालेलं. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना वाचवलं आणि जोतीरावांकडे पाठवून दिलं. हे पत्र आपल्या कपाटात असताना आपण कुणाच्या नावावरचा बनावट सुविचार म्हणतो आहोत! हॅरिएटला "अमेरिकेची सावित्रीबाई" म्हणणंही बंद करा, जाता जाता. एक शाळेत शिकवत होती, दुसरी दलदलीत वाट काढत होती. दोघींना आपापलं नाव आहे.

विनंती एवढीच. यंदाच्या भाषणांतून ते वाक्य काढा. मुलांनी ते आधीच पाठ केलं असेल तर त्यांना ओरडू नका; चूक त्यांना लिहून देणाऱ्यांची आहे, माझ्यासकट. त्याजागी जाहिरात वाचायला द्या, किंवा केझायाचा लिलाव, किंवा नाताळची ती रात्र. स्पर्धेला पाच मिनिटं असतात. डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या बापाची गोष्ट मी मोठ्याने वाचून पाहिली, मोबाइलवर वेळ लावून. साडेतीन मिनिटं लागतात. उरलेल्या दीड मिनिटात पोरांना दम घेऊ द्या.

ती आठवीतली मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही. तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं : होतं गं ठाऊक. सगळ्यांना.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(यंदाही परीक्षक)